चंद्रावर ट्रेलर चालवायचा तर? चाकणच्या रस्त्यावरून एक हिशोब

रात्री उशिरा चाकण–तळेगाव रस्त्यावर कधी कधी एक वेगळीच वरात दिसते. पुढे पायलट गाडी, मागे धापा टाकणारा पुलर, त्याच्यामागे मोजता मोजता चुकायला होईल इतकी चाकं असलेला ट्रेलर आणि त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं एखादं अवाढव्य यंत्र. दोन-चार माणसं बाजूने चालत असतात. एकाच्या हातात वायरी उचलायचा बांबू, दुसऱ्याची नजर फक्त चाकांवर. वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या अनेक घरांत या वरातीतलं कुणी ना कुणी असतंच. कुणाचे अब्बा ड्रायव्हर, कुणाचे मामू निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पाटे बसवणारे, कुणाचा भाऊ वेल्डर.

आता हेच काम चंद्रावर करायचं ठरलं तर? यान उतरलं, त्यातून दहा टनांचा मालाचा डबा बाहेर आला आणि तो दोन किलोमीटर पलीकडे नेऊन ठेवायचा आहे. कसली गाडी लागेल? चाकं कशी? ब्रेक कसे? जगातले मोठे अभियंते या प्रश्नावर काम करत आहेत. त्यातल्या अडचणी ऐकल्या की चाकणच्या ड्रायव्हरला आणि मिस्त्रीला त्यातल्या अर्ध्या ओळखीच्या वाटतील, असं आम्हाला वाटतं. म्हणून हा लेख.

आधी एक शंका दूर करू. डबा लांब न्यायचाच कशाला, यान घराजवळच उतरवावं की! तसं करता येत नाही. उतरताना यानाच्या इंजिनाचा झोत खालची धूळ आणि खडे प्रचंड वेगाने चहूकडे फेकतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे ते कण अडत नाहीत, बंदुकीच्या छऱ्यांसारखे सरळ जातात. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ हे यान आधीच तिथे उभ्या असलेल्या सर्व्हेयर ३ या यंत्रापासून सुमारे १६० मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी त्या यंत्राचे काही भाग कापून पृथ्वीवर आणले, तेव्हा त्यांवर सँडब्लास्टिंग केल्यासारख्या खुणा दिसल्या. भोसरीत सँडब्लास्टिंगचं काम केलेल्या कुणालाही यापुढे वेगळं सांगायला नको. तेव्हा यानतळ एकीकडे, वस्ती दुसरीकडे, आणि मध्ये वाहतूक. जिथे वाहतूक आली तिथे ट्रेलर आला.

असा ट्रेलर अजून कुठल्याही ग्रहावर किंवा चंद्रावर चाललेला नाही. आपल्या चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा होता. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर उतरल्यावर तो बाहेर आला आणि सुमारे शंभर मीटर फिरला. मंगळावरचा सर्वात जड रोव्हर, पर्सिव्हरन्स, १,०२५ किलोचा आहे. पण तो स्वतःची उपकरणं घेऊन फिरतो, माल वाहत नाही. खऱ्या अर्थाने ओझं वाहिलं ते १९७१-७२ मधल्या अपोलोच्या चांद्रगाडीने. तिचं स्वतःचं वजन २१० किलो आणि दोन माणसांसह ४९० किलो ओझं. छोट्या टेम्पोएवढंही नाही. तिथून दहा टनांवर जायचं आहे.

काटा कमी दाखवतो, पण ओझं तेवढंच

चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. दहा टनांचा डबा तिथे काट्यावर ठेवला तर काटा सुमारे १,६५० किलो दाखवेल. मंगळावर ३,८०० च्या आसपास. ऐकून वाटतं, मग तर काम सोपं झालं, हलकी गाडीही चालेल.

इथेच फसगत होते. काट्यावरचं वजन आणि वस्तूतला ऐवज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐवज चंद्रावरही दहा टनच राहतो. तो हलवायला, थांबवायला, वळवायला पृथ्वीवर जितका जोर लागतो तितकाच तिथेही लागतो. आणि हा जोर चाक जमिनीला देणार कशाच्या बळावर? चाकाची पकड गाडी जमिनीवर किती दाबून बसली आहे यावर ठरते. रिकामा ट्रक पावसात लवकर घसरतो, भरलेला जमिनीला धरून चालतो, हे ड्रायव्हरला पुस्तक न वाचता माहीत असतं. चंद्रावर प्रत्येक गाडी या अर्थाने रिकामी असते आणि ऐवजाच्या हिशोबाने भरलेली. दोन्ही वाईट गोष्टी एकदम.

एक साधा हिशोब करून पाहू. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला करकचून ब्रेक लावला आणि जमिनीची पकड दोन्हीकडे सारखी मानली (घर्षणाचा आकडा ०.५ धरला), तर पृथ्वीवर ती साधारण सव्वातीन मीटरमध्ये थांबेल. चंद्रावर तिला १९ मीटर लागतील. वळणाचंही तसंच. वळताना गाडीला बाहेर फेकणारा जोर कमी होत नाही, तिला खाली धरणारं वजन मात्र सहापट कमी होतं. जे वळण इथे २५ च्या वेगाने घेता येतं ते तिथे दहाच्या वेगानेच घ्यावं लागेल, नाहीतर उंच डबा घेऊन गाडी आडवी. तेव्हा चंद्रावरचा ट्रेलर रुंद, बुटका आणि संथ असणार, अगदी आपल्या त्या रात्रीच्या वरातीसारखा.

पृथ्वीवर याचा सर्वात मोठा नमुना अमेरिकेत आहे. फ्लोरिडात रॉकेट उभंच्या उभं उचलून प्रक्षेपणाच्या जागी नेणारा क्रॉलर १९६५ पासून वापरात आहे. स्वतःचं वजन सुमारे २,७०० टन, आठ लोखंडी पट्टे, प्रत्येक पट्ट्यात ५७ पाट्या, एकेक पाटी सुमारे टनाची. ओझं घेऊन वेग ताशी दीड किलोमीटर. त्याच्यासाठी खास नदीतल्या गोट्यांचा रस्ता बांधला आहे, कारण इतक्या वजनाखाली साधा रस्ता चिरडला जाईल. चंद्रावर मात्र रस्ता नाही. जी जमीन मिळेल तिच्यावरच चालायचं.

जमीन ओळखणं हे अर्धं काम

पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत ट्रक फसलेला आपण पाहिला असेल. नवा ड्रायव्हर घाबरून ॲक्सिलेटर दाबतो, चाक जागेवरच गरगर फिरतं आणि स्वतःची कबर स्वतःच खोदतं. जुना माणूस खाली उतरतो, चाकापुढे दगड-गोणपाट टाकतो, टायरमधली थोडी हवा सोडतो आणि हळूच गाडी काढतो. हवा सोडल्याने टायर पसरतो, जमिनीवर टेकणारी जागा वाढते, दाब कमी होतो.

मंगळावर नासाचा स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये असाच मऊ वाळूत फसला. तिथे गोणपाट टाकायला कुणी नव्हतं. कित्येक महिने कोट्यवधी किलोमीटरवरून प्रयत्न झाले. जानेवारी २०१० मध्ये नासाने जाहीर केलं की तो आता जिथे आहे तिथेच राहील.

मऊ जमिनीत चाक किती रुतेल आणि त्यातून ओढायला किती जोर उरेल याचं शास्त्र उभं केलं ते मिचिस्लाव बेकर या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने. १९५६ मध्ये त्यांचं यावरचं मोठं पुस्तक आलं आणि पुढे ते अपोलोच्या चांद्रगाडीच्या कामात होते. त्यांच्या सूत्राचा गाभा मिस्त्रीच्या भाषेत सांगायचा तर असा: चाकाखालचा दाब, चाकाची रुंदी आणि मातीचा स्वभाव या तिन्हींवर चाक किती रुतेल ते ठरतं. जितकं चाक रुतलं तितकी गाडी सतत स्वतःपुढचा ढिगारा ढकलत चालते. सारी ताकद त्यातच जाते.

जमीन वाचायला अपोलोच्या अंतराळवीरांना शिकवणाऱ्यांत एक नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. इजिप्तमध्ये १९३८ मध्ये जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ फारूक अल-बाझ. अपोलोची यानं कुठे उतरवायची हे ठरवणाऱ्या समितीचे ते सचिव होते. पुढे त्यांनी वाळवंटांचा, वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास केला.

आता आपल्या दहा टनांच्या डब्याकडे येऊ. समजा गाडी पाच टनांची, एकूण पंधरा टन. चंद्राच्या काट्यावर हे साधारण अडीच टन भरेल. रुतू नये म्हणून जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७० ग्रॅम ठेवायचा असं मानू. उभ्या माणसाच्या पावलाखाली पृथ्वीवर जितका दाब असतो त्याच्या निम्म्याहून हा कमी आहे. मग सगळ्या चाकांची मिळून जमिनीवर टेकणारी जागा सुमारे साडेतीन चौरस मीटर हवी. सहा चाकं लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर, म्हणजे चारपाईच्या जवळपास पाव भागाइतका ठसा. बारा चाकं लावली तर अर्धा मीटर रुंद आणि साठ सेंटीमीटर लांब, हे जमण्यासारखं आहे. तुलना करा: आपल्या ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला आठ किलोच्या आसपास असतो, शंभरपटीहून जास्त. तो टायर डांबरासाठी आहे, धुळीसाठी नाही.

नासाने २००८ मध्ये चाचण्या घेतलेल्या ‘चॅरियट’ या नमुन्याच्या चांद्रट्रकला बाराच चाकं होती, दोन-दोनच्या सहा जोड्या. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे कुठल्याही दिशेला वळू शकत होती, त्यामुळे गाडी खेकड्यासारखी आडवीही चालायची. आपल्याकडच्या हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरमध्येही मागची चाकं वळतात, त्याशिवाय तो लांब माल चौकातून निघतच नाही. कल्पना तीच.

रबर नको, हवा नको

चंद्राच्या विषुववृत्ताजवळ दिवसा सुमारे १२० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १३० च्या खाली तापमान जातं. त्या थंडीत रबर काचेसारखं तडकतं. त्यात हवा भरलेला टायर फुटला तर तिथे पंक्चरवाला कुठला! म्हणून चांद्रगाडीची चाकं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांच्या जाळीची विणली होती आणि वरून टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या होत्या. ती चाकं सरासरी जेमतेम सव्वा सेंटीमीटर रुतली. मावळात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात. ती चिखलात रुतून पकड घेतात, ही जाळी मऊ राहून वर तरंगते. काम उलटं असलं तरी चाक जमिनीप्रमाणे बदलायचं हा विचार एकच आहे.

नव्या चाकांचा एक धागा थेट चाकणला जुळतो. ज्या ब्रिजस्टोन कंपनीचा टायर कारखाना चाकण एमआयडीसीत आहे, तीच जपानी कंपनी टोयोटा आणि जपानच्या अंतराळ संस्थेबरोबर चंद्रावरच्या मोठ्या गाडीसाठी चाक बनवते आहे. हवा नाही, रबर नाही, सगळं धातूचं. ही कल्पना तिच्या अभियंत्यांना उंटाच्या पावलावरून सुचली. उंटाचा तळवा मऊ गादीसारखा असतो, वाळूवर पडताच पसरतो. पहिल्या नमुन्यात त्यांनी चाकाच्या बाहेरच्या बाजूला पोलादी लोकरीसारखा थर दिला होता. ते संशोधन चाकणला चालत नाही, जपानमध्ये चालतं, हे स्पष्ट केलेलं बरं. पण चाकणच्या कारखान्यात टायर तपासणारा मुलगा ज्या गोष्टी रोज मोजतो, ठसा किती, झीज किती, ओझ्याखाली टायर किती दबतो, त्याच गोष्टी तिकडेही मोजतात.

धूळ, ग्रीस आणि बोरघाटातला ब्रेक

चाकणची धूळ आपल्याला ठाऊक आहे. चंद्राची धूळ तिला सात वेळा खाली बसवेल. तिथे वारा नाही, पाणी नाही, म्हणून कण कधी घासून गोल होत नाहीत. बारीक काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात, आणि विद्युतभारामुळे कपड्यांना, काचेला, धातूला चिकटून बसतात. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या चांद्रगाडीचा मडगार्ड तुटला. चाक जी धूळ उडवी ती सगळी अंतराळवीरांच्या अंगावर येऊ लागली. त्यांनी नकाशाचे जाड कागद चिकटपट्टीने जोडले, क्लॅम्पने आवळले आणि तात्पुरता मडगार्ड तयार केला. याला आपल्याकडे जुगाड म्हणतात. तिथेही तोच कामाला आला.

गाडीच्या दृष्टीने खरा धोका हबमध्ये आहे. ऑइल सील गेली की धूळ बेअरिंगमध्ये, बेअरिंग गेलं की चाक जाम. हे इथलं रोजचं दुखणं. चंद्रावर याच्या जोडीला दुसरं संकट: हवा नसल्याने साधं ग्रीस हळूहळू वाफ होऊन उडून जातं. म्हणून तिथे खास वंगण लागतं, आणि फिरणारे भाग जितके कमी तितकं चांगलं. चांद्रगाडीत ना प्रोपेलर शाफ्ट होता, ना डिफरन्शियल. प्रत्येक चाकात स्वतःची पाव अश्वशक्तीची मोटर, तिच्यापुढे ८० ला १ वेग कमी करणारा गिअर, आणि दोन्ही हवाबंद डब्यात. एक मोटर बंद पडली तर बाकीची तीन गाडी घरी आणतील, असा हिशोब. जड ट्रेलरलाही हाच मार्ग धरावा लागेल. बारा चाकं, बारा मोटरी.

डिझेल इंजिनाचा प्रश्नच येत नाही, जळायला प्राणवायू नाही. सगळं बॅटरीवर. पण चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते. विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला झोपवले गेले आणि त्या रात्रीच्या थंडीनंतर पुन्हा जागे झाले नाहीत. ते तितक्याच कामासाठी बनवले होते, त्यामुळे त्यात अपयश नाही. पण मालवाहू गाडी एका दिवसासाठी कुणी पाठवणार नाही. तिला वर्षानुवर्षं रात्री काढाव्या लागतील. म्हणजे बॅटरीला ऊब देणारी सोय आणि गाडीला रात्रीपुरता गोठा हवा.

आणि ब्रेक. बोरघाट उतरताना तापलेल्या लायनरचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांच्यासाठी हा भाग सर्वात सोपा. आपण गिअरवर गाडी उतरवतो, तरी ड्रम तापतो. मग वारा त्याला थंड करतो. चंद्रावर वारा नाही. तापलेला भाग फक्त उष्णता बाहेर फेकत, धगधगत हळूहळू निवतो. पंखा लावून उपयोग शून्य, हलवायला हवाच नाही. म्हणून उतारावर मोटरलाच उलटं वापरून वीज परत बॅटरीत घ्यायची आणि ड्रमचा ब्रेक शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायचा. आज चाकण-पिंपरीत विजेवर चालणारी वाहनं बनतात, त्यांत हेच तंत्र आहे.

डबा उतरवायचा कसा?

आमच्या मते सर्वात कठीण काम चाकाचं नाही, उतरवण्याचं आहे. चाकणमध्ये माल उतरवायचा असला की फोन करून हायड्रा बोलावतात. चंद्रावर हायड्रा पाठवायचा म्हणजे आणखी एक यान. 

म्हणून गाडीनेच स्वतः उचलावं, अशी दिशा घेतली गेली. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने ‘ॲथलीट’ नावाचा नमुना बनवला. सहा पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला चाक. सपाटीवर चाकांवर चालायचं, खडक आला तर चाकं लॉक करून पायांनी चालायचं. पुढच्या आवृत्तीत तीन-तीन पायांची दोन यंत्रं केली. ती मालाच्या चौकटीला दोन बाजूंनी जोडली जातात आणि मिळून एक सहापायी गाडी होते. माल जागेवर ठेवला की पुन्हा वेगळी. अगदी जनाजा किंवा पालखी दोन बाजूंनी खांद्यावर घेतल्यासारखं.

दुसरा मार्ग ‘फ्लेक्स’ या गाडीचा. अमेरिकेतल्या ॲस्ट्रोलॅब कंपनीची ही रचना आहे. २०२४ मध्ये नासाने चांद्रगाड्यांच्या कामासाठी तीन कंपन्या निवडल्या त्यांत तीही होती. तिचं पोट मोकळं आणि उंच असतं. ती मालाच्या डब्यावर दोन्ही बाजूंना चाकं ठेवून येते, खाली बसते, डबा पोटाशी लावते आणि उठते. क्षमता दीड टनापर्यंत. आजच्या घडीला मालवाहू म्हणावी अशी हीच रचना सर्वात पुढे गेलेली दिसते.

या सगळ्यात एक गोष्ट डब्याचीही आहे. न्हावाशेवाला जाणारा कंटेनर कुठल्याही ट्रेलरवर बसतो, कारण त्याचे चारही कोपरे जगभर एकाच मापाचे असतात आणि ट्विस्ट लॉक फिरवला की काम झालं. चंद्रावर अजून असा सर्वमान्य कोपरा ठरलेला नाही. एका देशाचा डबा दुसऱ्याच्या गाडीवर बसला नाही, तर सगळी मेहनत वाया. गाडीच्या रचनेची सुरुवात खरं तर इथून व्हायला हवी.

दिघीला काय चालतं

ग्रहावरचा ट्रेलर आपल्या पट्ट्यात कुणी बनवत नाही. पण त्याचे जवळचे नातेवाईक इथेच जन्माला आले. आळंदी रस्त्यावर दिघीला संरक्षण खात्याच्या डीआरडीओची आर अँड डीई (इंजिनिअर्स) ही संस्था १९६२ पासून आहे. लष्करासाठी पूल, क्षेपणास्त्रांचे फिरते लाँचर आणि यंत्रमानव यांवर ती काम करते. तिने रचना केलेल्या १० मीटरच्या पुलाची गाडी घ्या. आठ चाकी टाट्रा ट्रकवर घडी घातलेला पूल असतो. नाल्यापाशी ट्रक उभा राहतो, बाहेरची क्रेन न घेता पूल उलगडून पलीकडे टाकतो, आणि त्यावरून रणगाडा जातो. उत्पादन एल अँड टी करते. जुलै २०२१ मध्ये असे पहिले १२ पूल लष्करात दाखल झाले. जड वस्तू स्वतः वाहून न्यायची, स्वतः उतरवायची, ओबडधोबड जमिनीवर, कुणाच्या मदतीविना. चंद्रावरच्या गाडीकडून याहून वेगळं काय मागितलं जातंय? ‘दक्ष’ हा बॉम्ब निकामी करणारा, बॅटरीवर चालणारा, दुरून हाकता येणारा यंत्रमानवही दिघीचाच.

डॉ. एपीजे अब्दुल कलाम यांनी थुंब्यात कारकीर्द घडवली आणि पुढे डीआरडीओत क्षेपणास्त्रांचं काम उभं केलं, हे आपल्या घराघरात माहीत आहे. क्षेपणास्त्राबरोबर त्याला वाहणारी गाडीही लागते, आणि तिचा बराचसा इतिहास पुणे परिसराचा आहे, हे मात्र कमी सांगितलं जातं. पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने चांद्रयान-३ उडवणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरची ३.२ मीटर व्यासाची आवरणं बनवली. अंतराळात जाणारी वस्तू आधी जमिनीवरून न्यावी लागते. १९८१ मध्ये ‘ॲपल’ हा उपग्रह तर अँटेनाच्या चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवला होता, कारण लोखंडी ट्रकमुळे लहरींचं मोजमाप बिघडलं असतं. कामाला योग्य ती गाडी, एवढाच त्याचा अर्थ. त्या फोटोवर हसणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

पुढचं काम मोठं होत चाललं आहे. जपानसोबतच्या चांद्रयान-५ मध्ये रोव्हर २५० किलोचा असेल, असं इस्रोच्या प्रमुखांनी मार्च २०२५ मध्ये सांगितलं. प्रज्ञानच्या जवळपास दहापट. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. आज दहावीत असलेली मुलं तेव्हा तिशीत असतील.

हुनर आहे, कागद नाही

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्याकडे मुलगा आठवी-नववीत अभ्यासाला कंटाळला की त्याला उस्तादाकडे ठेवतात. चार-पाच वर्षांत तो नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्समधला कुठला दात गेलाय ते ओळखतो. हे ज्ञान खोटं नाही. पण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो, आणि दिघी, इस्रो किंवा मोठ्या कारखान्याच्या दारावर पहिल्यांदा कागदच विचारतात. “हुनर हातात आहे, सर्टिफिकेट काय करायचंय” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. ज्या मुलाला ऑइल सील का जाते हे कळतं, त्याला दहावी होणं अशक्य नाही.

रस्ता असा आहे. डीआरडीओची टेक्निशियन-ए आणि इस्रोची टेक्निशियन-बी या दोन्ही पदांना दहावी आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय लागतं; पदवी लागत नाही. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक हे ट्रेड जाहिरातींत येत राहतात. औंधला सरकारी आयटीआय आहे, मोरवाडीला महापालिकेचं आहे. दोन वर्षांचं आयटीआय झालं की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग महाराष्ट्रात आहे. मुलींनाही हाच मार्ग खुला आहे. इलेक्ट्रिशियन आणि मशिनिस्टच्या वर्गात आपल्या मुली फार कमी दिसतात, याचं कारण कॉलेजात नाही, घरात आहे.

जे वयाने मोठे आहेत, वर्षानुवर्षं गॅरेज किंवा फॅब्रिकेशनमध्ये आहेत, त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी, आरपीएल नावाची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. तिचं प्रमाणपत्र आयटीआयची जागा घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण कारखान्यात आणि ठेकेदाराकडे पगार ठरताना ते दाखवता येतं.

अर्जाच्या वेळी सर्वात जास्त मुलं अडकतात ती दाखल्यांत. अत्तार, बागवान, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या बिरादरीतल्यांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आयटीआयच्या पहिल्या वर्षातच काढून ठेवावा. डीआरडीओ आणि इस्रो ही केंद्राची खाती आहेत. त्यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार आणि हा दाखला, चारही कागदांवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, ते आजच तपासा. शेख आधी की नंतर, मोहम्मद पूर्ण की नुसतं मो., एवढ्यावरून अर्ज परत येतात.